व्हॅनच्या तळाला सांधा नको: कॅम्परसाठी फ्लोअरिंग निवडताना

मालवाहू व्हॅनचा राहण्याजोगा कॅम्पर बनवणाऱ्याचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मागचा माल-डबा सुमारे ३.२ मीटर लांब आणि १.७५ मीटर रुंद, तळाला उघडा पन्हळी पत्रा, त्यावर इन्सुलेशन आणि प्लाय येणार. राहणार दोन माणसं आणि एक कुत्रा. थंडीत डिझेल हिटर चालेल. घरात घालतात तशा एसपीसीच्या (दगडाची भुकटी मिसळलेल्या कडक पीव्हीसीच्या), एकमेकींत अडकणाऱ्या क्लिक फळ्या बसवाव्यात, व्हिनाइलची शीट चिकटवावी, की सरळ कार्पेट अंथरावं? आणि फर्निचर आधी की फरशी आधी?

माझं उत्तर: अखंड, एकाच तुकड्यातली, २ मिमी जाडीची व्हिनाइल शीट. घरगुती मऊ प्रकारातली नव्हे, तर बस-ट्रेनमध्ये किंवा दवाखान्यात घालतात तशी घट्ट. ती पूर्ण पृष्ठभागावर गोंद लावून प्लायला चिकटवायची, कडा सीलंटने बंद करायच्या आणि फर्निचर तिच्यावर उभं करायचं. कार्पेट हवंच असेल तर वरून सुटं टाका, बाहेर काढून झटकता येईल असं. क्लिक फळ्या देखण्या दिसतात, बसवायला सोप्या असतात, पण व्हॅनमध्ये त्यांचं जे गणित बिघडतं ते नीट समजून घेतल्याशिवाय त्यांच्या वाटेला जाऊ नका.

घराची फरशी स्थिर असते, तिथलं तापमान वर्षभरात फार तर वीसएक अंशांनी हलतं. उन्हात बंद उभी राहिलेली गाडी आतून ६० अंशांच्या घरात जाऊ शकते आणि त्याच गाडीचा तळ थंडीतल्या रात्री शून्याला टेकतो. कडक पीव्हीसी दर अंशाला, दर मीटरमागे साधारण ०.०५ ते ०.०८ मिमी वाढतं. मधला ०.०७ हा आकडा धरा, ३.२ मीटर लांबी धरा, ५ अंशांवरून ५५ अंशांवर गेलात असं समजा: ११ मिमीपेक्षा जास्त वाढ होते. प्लाय मात्र उष्णतेने जवळपास हलतच नाही. आता ही ११ मिमी जायची कुठे? एसपीसीत दगडाची भुकटी भरपूर असल्याने ते यापेक्षा कमी हलतं, पण हलतं. म्हणून क्लिक फरशी नेहमी तरंगती ठेवतात, म्हणजे खाली न चिकटवता आणि भिंतीजवळ ८ ते १० मिमी मोकळी जागा सोडून.

व्हॅनमध्ये लोक तीच फरशी आधी घालतात आणि तिच्यावर किचनचा कप्पा, पलंगाचा सांगाडा, पाण्याची टाकी उभी करून आरपार स्क्रू मारतात. झालं, तरंगती फरशी दोन्ही बाजूंना खिळली गेली. उन्हाळ्यात मधल्या मोकळ्या पट्ट्यात ती उचलली जाते आणि थंडीत आक्रसताना क्लिकची जीभ खाचेतून सुटते. त्यात गाडीचा हादरा सतत असतोच. फट अर्ध्या मिलिमीटरची पडली तरी पुरे, कारण मग पाणी आत जातं.

इथे ‘शंभर टक्के वॉटरप्रूफ’ या शब्दांचा घोळ होतो. वॉटरप्रूफ असते ती फळी. सांधा नव्हे. घरात सांध्यातून गेलेलं कपभर पाणी खालच्या काँक्रीटवर हळूहळू वाळून जातं. व्हॅनमध्ये खाली प्लाय, त्याखाली पाणी न पिणारं एक्सपीएस (कडक फोमचं इन्सुलेशन) आणि त्याखाली पत्रा असतो. आत गेलेलं पाणी वर येत नाही आणि खालीही जात नाही. प्लायचे पदर सुटायला लागतात, मग कुबट वास, आणि शेवटी पत्र्याला गंज. वरून फरशी मात्र नव्यासारखी दिसत असते.

वजनाचंही पाहा. तुमच्या डब्याचं क्षेत्रफळ ५.६ चौरस मीटर. ५ मिमी एसपीसी दर चौरस मीटरला ९ ते १० किलो भरतं, म्हणजे पन्नास-पंचावन्न किलो. २ मिमी व्हिनाइल शीट अडीच ते तीन किलो, म्हणजे चौदा ते सतरा. मधला फरक जवळजवळ चाळीस लिटर पाण्याएवढा आहे. भार वाहण्याची कायदेशीर मर्यादा बांधकामाच्या शेवटी शेवटी किती घट्ट होते ते ज्यांनी वजनकाट्यावर गाडी चढवली आहे त्यांनाच कळतं.

बाकीचे पर्याय, झटपट

लॅमिनेट (वर लाकडाचं चित्र, आत एचडीएफ म्हणजे दाबून केलेल्या लाकडी तंतूंचा गाभा): नको. कडेने पाणी प्यायलं की फुगतं, आणि एकदा फुगलं की परत बसत नाही.

खरं लाकूड: ओलाव्याने आडव्या दिशेला हलतं, जड पडतं, दर काही महिन्यांनी निगा मागतं. हौस असेल तर करा, हिशेबाने करू नका.

कॉर्क: याची मला मनापासून शिफारस करावीशी वाटते, फक्त ज्यांच्याकडे कुत्रा नाही त्यांना. ४ मिमी जाडीचं कॉर्क हलकं असतं, पायाला ऊबदार लागतं, आवाज खातं. पण ते तुकड्यांत येतं, म्हणजे सांधे आलेच. चिकटवल्यावर पॉलियुरेथेन वार्निशचे तीन हात द्यावे लागतात आणि दाराजवळ ते पुन्हा पुन्हा द्यावे लागतात. कुत्र्याच्या नखांनी वार्निशवर ओरखडे उठले की पाणी थेट कॉर्कात.

लिनोलियम: जवसाच्या तेलापासून बनतं, व्हिनाइलपेक्षा खूप जुना माल, १८६० च्या दशकातला. टिकाऊ आहे, पण कापलेली कड पाणी ओढते आणि कमी त्रिज्येत वळवलं तर तडकतं. व्हॅनच्या कोपऱ्याकोपऱ्यांत ते सांभाळणं कटकटीचं.

उंचवट्यांचं, नाण्यांच्या नक्षीचं रबर: घसरत नाही, पण उंचवट्यांमध्ये माती अडकते, जड असतं आणि उन्हात वास सोडतं. मागच्या बाजूला सायकली ठेवायच्या असतील तर तेवढ्या कप्प्यापुरतं ठीक.

चिकटवलेलं कार्पेट: ओला कुत्रा आणि कार्पेट हे गणित कुणालाही सोडवता आलेलं नाही.

बोटींवर घालतात तो ईव्हीए फोम: अनवाणी पायाला छान, हलका. पण खुर्चीच्या पायाने खड्डा पडतो आणि गरम भांडं टेकलं की वितळतो.

सिरॅमिक टाइल: विचारूच नका. वजन तर आहेच, शिवाय गाडीचा सांगाडा पिळवटतो आणि सांध्यांमधला भराव तडकत जातो.

शीट घेताना काय बघायचं

सगळ्या व्हिनाइल शीट सारख्या नसतात आणि फसगत इथेच होते. रोल हातात घेतल्यावर आधी मागची बाजू बघा. घरगुती कुशन व्हिनाइलच्या पाठीला बहुधा फेसाचा थर किंवा कापडासारखा लोकरी अस्तर असतो. घरात तो सुटा अंथरायला बरा पडतो. व्हॅनमध्ये तोच अस्तर कंदिलाच्या वातीचं काम करतो: कडेला पडलेलं पाणी ओढून हातभर आत नेतो. फेसावर टेबलाचा पाय टेकला की कायमचा वळ उठतो. आपल्याला हवी ती घट्ट पाठीची, मधे काचतंतूचा थर असलेली शीट. काचतंतूमुळे ती उष्णतेने लांबीला फारशी हलत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे वरचा पारदर्शक थर, झिजण्यासाठी दिलेला. ०.३ मिमी बेडरूमला पुरतो. व्हॅनमध्ये वाळू येते आणि वाळूवर पाय फिरला की सँडपेपर घासल्यासारखंच होतं. किमान ०.५ मिमी घ्या, ०.७ मिळाला तर उत्तम. वाहनांसाठीच्या काही शीटमध्ये या थरात क्वार्ट्झ किंवा सिलिकॉन कार्बाइडचे बारीक कण मिसळलेले असतात. ते घसरण्यापासून वाचवतात, पण फार खरखरीत शीट पुसायला जड जाते आणि फडक्याचे धागे धरून ठेवते. घसरण्याची प्रतवारी आर९ ते आर१३ अशी दिलेली असते (जर्मन डीआयएन ५११३० या चाचणीनुसार). राहण्याच्या भागाला आर१० योग्य. दाराच्या पायरीला आर११ लावा. कुत्र्यालाही आर१० वर नीट उभं राहता येतं, गुळगुळीत आर९ वर गाडी वळली की तो सरकतो.

आगीबद्दल: वाहनाच्या आतल्या साहित्यासाठी अमेरिकेचा एफएमव्हीएसएस ३०२ हा नियम ज्वाला मिनिटाला १०२ मिमीपेक्षा वेगाने पसरू नये असं सांगतो. वाहतुकीसाठी बनवलेल्या शीटच्या माहितीपत्रकात अशा चाचणीचा उल्लेख असतो. घरगुती मालावर इमारतींची प्रतवारी दिसेल, त्यात बीएफएल-एस१ किंवा सीएफएल-एस१ असेल तर चिंता नको.

रुंदी २ मीटरची घ्या. तुमची गाडी १.७५ आहे, म्हणजे एका तुकड्यात काम होतं. लांबी ३.५ मीटर मागा. वरचे ३० सेंमी दाराच्या पायरीला आणि पुढे कधी ठिगळ लावायला उपयोगी पडतात. रंग मध्यम छटेचा, ठिपक्यांचा. काळ्यावर धूळ दिसते, पांढऱ्यावर चिखल, आणि एकरंगी कशावरही सगळंच.

खालचा थर

फरशी बिघडली असं ज्याला म्हणतात त्यातल्या बहुतेक वेळा शीट निर्दोष असते आणि दोष खाली असतो. वरची शीट बदलत बसणं म्हणजे दुखणं हेल्याला आणि औषध पखालीला.

पत्र्यापासून सुरुवात. गंजाचे ठिपके घासून धातूपर्यंत न्या, गंजरोधक प्रायमर द्या, वर रंग. जुन्या बोल्टची भोकं बंद करा, पण कारखान्याने दिलेली पाणी निघायची छिद्रं कुठली ते आधी ओळखा आणि ती बुजवू नका. पन्हळीच्या खोलगट पट्ट्यांत एक्सपीएसचे तुकडे भरावेत की नाही यावर दोन मतं आहेत. १२ मिमी प्लाय आणि त्याखाली २० मिमी एक्सपीएस असेल तर पन्हळीच्या खाचांवरून ते सहज तोललं जातं, भरण्याची गरज नसते. आवाजासाठी भरणारे भरतात. भरायचंच असेल तर ज्या खाचा छिद्रांकडे जातात त्या मोकळ्या सोडा. चुकून आत गेलेल्या पाण्याला तेवढीच एक वाट असते.

इन्सुलेशन म्हणून एक्सपीएसच. त्याची उष्णतावाहकता ०.०३३ वॅट प्रति मीटर-केल्विनच्या आसपास (जितकी कमी तितकं चांगलं) आणि दाब सहन करण्याची ताकद २०० ते ३०० किलोपास्कल, म्हणजे चौरस मीटरला वीस टनांच्या पुढे. टाचेखालचा दाब तेवढा जाऊ शकतो, पण मधला प्लाय तो पसरवून टाकतो. त्यामुळे सगळीकडे लाकडी पट्ट्यांचा सांगाडा करायची गरज नाही, उलट प्रत्येक पट्टी थंडी वर आणते. पट्ट्या फक्त चार जागी द्या: मागच्या दाराची कड, बाजूच्या दाराची कड, पुढच्या सीटमागची कड, आणि जिथे फर्निचरचे स्क्रू घ्यायचे आहेत तिथे. चकचकीत फॉइलचा बुडबुड्यांचा कागद प्लाय आणि पत्र्यामध्ये दाबून घालतात, त्याने तिथे काहीच होत नाही. फॉइलला काम करायला समोर हवेची पोकळी लागते.

एक्सपीएस चिकटवताना द्रावकाचा गोंद वापरला की ते डोळ्यांदेखत विरघळून खड्डे पडतात. पॉलियुरेथेनचा किंवा द्रावकमुक्त गोंद घ्या.

प्लाय पाण्याला टिकणाऱ्या गोंदाने बनवलेला हवा. २४४० गुणिले १२२० मिमीचे तीन ताव लागतात, आडवे घालायचे: प्रत्येक ताव १.७५ मीटरला कापला की लांबीच्या १.२२ मीटरचा हिशेब लागतो, तिसऱ्याचा तुकडा उरतो. असे फक्त दोन सांधे पडतात. सांध्यांना एकमेकांवर चढणारी खाच पाडून गोंद भरा, नाहीतर चालताना एक ताव दुसऱ्यावर घासून कुरकुर करेल. उंची अडचणीची असेल तर ९ मिमी प्लाय चालतो, पण मग पन्हळ भरा आणि पट्ट्या वाढवा.

एक कडक सूचना. सीट आणि सीटबेल्टचे बोल्ट इन्सुलेशन दाबून कधीच घट्ट करायचे नाहीत. एक्सपीएस कालांतराने दबतं, बोल्टचा ताण जातो आणि अपघातात सीट सुटते. तिथे सगळे थर गोल कापून धातूचा स्पेसर (भार थेट पेलणारा तुकडा) पत्र्यापर्यंत उतरवा. पत्र्याला भोक पाडण्याआधी गाडीखाली जाऊन डिझेलची टाकी, ब्रेकच्या नळ्या आणि वायरिंग कुठून जातं ते डोळ्यांनी बघा. गॅस सिलिंडर आत असणार असेल तर तळाला गॅस खाली पडून जाण्यासाठी असलेली भोकं शीटखाली झाकली जाता कामा नयेत. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो खालीच साचतो.

गोंद आणि वार्निशचा तिढा

इथे बरेच जण अडकतात, म्हणून जरा सावकाश. प्लायला पाण्यापासून वाचवायचं म्हणून लोक त्याच्या सहाही बाजूंना इपॉक्सी किंवा वार्निश देतात. मग व्हिनाइल चिकटवायला साधा पाण्यात मिसळलेला ॲक्रिलिक गोंद आणतात. त्या गोंदातलं पाणी उडून गेल्याशिवाय तो धरत नाही. वर व्हिनाइल, ते पाणी जाऊ देत नाही. खाली वार्निश, तेही नाही. गोंद आठवडाभर ओला राहतो, पहिल्याच उन्हात मऊ पडतो आणि शीटला फुगे येतात. दोष गोंदाला देतात, खरं तर जोडी चुकलेली असते.

दोन मार्ग आहेत. एक, प्लायची खालची बाजू आणि सगळ्या कडा नीट सील करा आणि वरची बाजू शोषणारी ठेवा, तिला फक्त गोंदाबरोबरचा प्रायमर द्या. मग चांगल्या प्रतीचा ॲक्रिलिक गोंद चालतो. दोन, सहाही बाजू सील करा आणि दोन भाग मिसळून वापरायचा पॉलियुरेथेन गोंद घ्या. तो वाळून नव्हे तर रासायनिक क्रियेने घट्ट होतो, उष्णतेला डगमगत नाही. व्हॅनसाठी मी यांतला दुसरा मार्ग सांगेन. हा गोंद हाताला लागला की निघत नाही, तेव्हा हातमोजे घाला, आणि एकदा मिसळल्यावर घड्याळ चालू होतं.

स्प्रेचा किंवा ब्रशने लावायचा काँटॅक्ट गोंद झटपट असतो, पण टेकला तिथे टेकला, सरकवता येत नाही. शिवाय व्हिनाइलला मऊ ठेवणारं द्रव्य, प्लॅस्टिसायझर, हळूहळू बाहेर झिरपतं आणि साध्या काँटॅक्ट गोंदाला लिबलिबीत करून टाकतं. डब्यावर ‘प्लॅस्टिसायझरला प्रतिरोधक’ असं लिहिलेलं असेल तरच घ्या. त्याची वाफ पेट घेते, म्हणून दारं सताड उघडी आणि हिटर बंद.

प्रमाण: दर चौरस मीटरला ३०० ते ४०० ग्रॅम, म्हणजे तुमच्या तळाला दोन किलोच्या आसपास. अडीच किलो आणा. बारीक दातांचा पत्रा (दात दीड-दोन मिमीचे) वापरून पसरवा. कडांसाठी एमएस पॉलिमर सीलंटच्या ३०० मिलीच्या दोन-तीन नळ्या. सिलिकॉन टाळा, कारण पुढे त्यावर दुसरं काहीच चिकटत नाही, नवीन सिलिकॉनसुद्धा.

माप घेणं आणि कापणं

व्हॅनची एकही भिंत सरळ नसते. फूटपट्टीने मापं घेऊन शीट कापली की चाकाच्या कमानीपाशी बोटभर फट राहते. त्याऐवजी असं करा.

जाड कागद तळावर अंथरा, सगळीकडे भिंतीपासून दोन-तीन सेंटिमीटर आत राहील असा कापून. कागदात मधे मधे त्रिकोणी खिडक्या कापा आणि त्यांवर चिकटपट्टी मारून कागद प्लायला धरून ठेवा, तो तसूभरही हलता कामा नये. आता बरोबर ५० मिमी रुंदीचा एक गुळगुळीत ठोकळा घ्या. त्याची एक कड भिंतीला टेकवून भिंतीच्या प्रत्येक वळणाबरोबर सरकवत न्या आणि दुसऱ्या कडेने कागदावर पेन्सिल ओढा. भिंतीचा आकार ५० मिमी आत सरकून कागदावर उतरतो.

शीट बाहेर सपाट जागी, चित्राची बाजू वर करून पसरा. कागद तिच्यावर तसाच चिकटवा. ठोकळ्याची जी कड आधी पेन्सिलीला होती ती आता रेघेवर ठेवा, ठोकळा बाहेरच्या दिशेला, आणि त्याच्या बाहेरच्या कडेने शीटवर खूण करा. तीच खरी भिंत. त्या रेघेच्या २ मिमी आत कापा, ती फट सीलंटने भरेल. आत वळणाऱ्या कोपऱ्यांत आधी ८-१० मिमीचं गोल भोक पाडा आणि कटर त्या भोकात येऊन थांबू द्या. टोकदार कोपरा ठेवला की पुढे कधीतरी तिथूनच चीर जाते.

कापण्याआधी शीट १८ ते २५ अंशांत एक दिवस पसरलेली असू द्या. थंड रोल उलगडताना तडकतो, आणि रोलचा बाक गेलेला नसेल तर कडा उचलल्या जातात. घडी कधीच घालू नका, ती रेघ जात नाही.

चिकटवणं

प्लायवरचे स्क्रू दीड मिमी खोल बुडवा, वर पुट्टी भरा, वाळल्यावर घासा, मग हाताचा तळवा फिरवून बघा. तळव्याला जे जाणवतं ते २ मिमी शीटमधून महिन्याभरात डोळ्यांना दिसतं. वाळूचा एक कण राहिला तरी त्याची पुळी उठते. दोनदा व्हॅक्यूम करा.

शीट जागी ठेवा, कडा जुळल्या की मागचा अर्धा भाग मोठा बाक देऊन पुढे वळवा. उघड्या अर्ध्या भागात गोंद पसरा, डब्यावर सांगितलेला वेळ थांबा, शीट हळूहळू खाली सोडा. फडकं गुंडाळलेल्या लाकडी ठोकळ्याने मधून कडेकडे रेटत हवा काढा. मग हातरोलर, आधी आडवा, नंतर उभा, अंगाचा भार देऊन. दुसऱ्या अर्ध्याला तेच. पहिल्या तासाभरात पुन्हा एकदा रोलर फिरवा, विशेषतः कडांवरून. दोन दिवस गाडी सावलीत, हलवायची नाही.

दारांच्या कडेला ॲल्युमिनियमची कोपरपट्टी लावा, खाली सीलंटची सलग रेघ घालून. स्क्रूच्या भोकांतही सीलंट. मागच्या दाराची कड हीच सगळ्यात आधी जाते, कारण पाऊस, चिखलाचे बूट आणि सामानाची ओढाताण सगळं तिथेच होतं.

फर्निचर नंतर, शीटवर. शीट पूर्ण चिकटलेली असल्याने ती दाबली गेली तरी बिघडत नाही, आणि कपाटाखाली टाकी गळली तरी पाणी शीटवरच राहतं, दिसतं. प्रत्येक स्क्रूच्या भोकात सीलंटचा थेंब टाका. शीट बदलताना फर्निचर काढावं लागेल हा तोटा आहेच, पण चांगली शीट बहुधा आतल्या फर्निचरपेक्षा जास्त टिकते. कुणाला क्लिक फळ्याच हव्या असतील तर क्रम उलटा: फर्निचर आधी प्लायला, मग फळ्या फक्त मधल्या मोकळ्या पट्ट्यात, सगळीकडे ८ मिमी फट सोडून आणि ती फट गोट्याच्या पट्टीने झाकून.

नंतरच्या कुरबुरी

रबरी पाठीचं पायपुसणं व्हिनाइलवर ठेवू नका. रबरातली द्रव्यं व्हिनाइलमध्ये उतरतात आणि पिवळट-तपकिरी डाग पडतो. तो पुसून जात नाही, कारण तो वर नसून आत असतो. विणलेल्या पाठीचं पायपुसणं घ्या.

हिटरच्या गरम हवेचं तोंड थेट फरशीवर रोखलेलं नको. तोंडाशी हवा बरीच तापलेली असते आणि समोरचा हातभर पट्टा पिवळा पडून मऊ होतो. तोंड थोडं उंच आणि तिरकं करा, ते जमत नसेल तर समोर स्टेनलेसची पातळ पट्टी लावा.

मधेच एक फुगा आला तर घाईने टाचणी टोचू नका. आधी बघा की तो गरम दुपारीच येतो का आणि रात्री बसतो का. बसत असेल तर तिथे गोंद कमी पडला आहे: बारीक सुईच्या सिरिंजने गोंद सोडा, कागद ठेवून वर वजन ठेवा, एक रात्र. बसत नसेल आणि दाबल्यावर खाली ओलसर, भुसभुशीत लागत असेल तर पाणी आलं आहे. मग शीट उघडून पाण्याची वाट शोधण्यावाचून इलाज नाही.

खोल चीर पडली तर उरलेल्या शीटचा तुकडा चिरेवर ठेवा, नक्षी जुळवा, चिकटपट्टीने घट्ट धरा आणि पोलादी पट्टी लावून दोन्ही थर एकाच दाबात कापा. खालचा खराब तुकडा उचलला की वरचा तंतोतंत त्याच भोकात बसतो. खालचा जुना गोंद खरवडा, नवा लावा, आणि कडेच्या रेघेत व्हिनाइलला विरघळवून जोडणारं द्रव बारीक नळीने सोडा. म्हणूनच ते उरलेले ३० सेंमी टाकून देऊ नका. पलंगाखाली सपाट ठेवा, गुंडाळून नव्हे.